आवाज कोणाचा, नाव कोणाचे?
(वर्धापनदिनाच्या समारंभात झालेले भाषण)



गेल्या नाताळात आपल्यापैकी काहीजणींनी मिळून ‘व्हाइट ख्रिसमस’ हा जुना अमेरिकन बोलपट पाहिला. २००० साली निघालेल्या त्याच्या तबकडीवर एक छोटासा माहितीपटही आहे. पण तो सुरू होईतो पुष्कळजणी चहाला उठल्या होत्या. तेव्हा त्याविषयी चार शब्द सांगावे, अशी चालकभगिनींची आज्ञा झाली.

बोलपट १९५४ सालचा, पॅरामाउंट कंपनीचा. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ आणि गाणी अर्व्हिंग बर्लिन यांची. युद्धावरून परतलेले दोन कलावंत मित्र आणि दोन गायिका बहिणी मिळून एका वृद्ध सेनापतीच्या पडत्या काळात त्याला हात देतात, एवढीच कथा. पुरुषांच्या भूमिका बिंग क्रॉस्बी व डॅनी के यांच्या. बहिणी झाल्या आहेत रोझमेरी क्लूनी आणि व्हेरा-एलन. पडद्यावरचे ते सुंदर बर्फसुद्धा हॉलिवूडच्या स्टुडिओतले बरे का!

माहितीपटात या चौघांपैकी एकटी रोझमेरी बोलते. बाकीचे कोठे आहेत, असे मनात येते. क्रॉस्बी १९७७ साली गेले, व्हेरा-एलन १९८१ साली आणि डॅनी के १९८७ साली. मागे राहिली ती सत्तरी ओलांडलेली ही बाई. आपल्याला नाचता येत नव्हते, हे ती हसत सांगते. व्हेरा-एलनची गोष्ट नेमकी उलटी. नृत्यात तिचा हात धरणारे थोडे, पण गाणे तिचे नव्हे. तिच्या तोंडची गाणी ट्रूडी स्टीव्हन्स या गायिकेने गायिली. चित्राच्या श्रेयनामावलीत मात्र तिचे नाव नाही. आणि दोघी बहिणींचे जे प्रसिद्ध गाणे आहे, त्यातले दोन्ही आवाज रोझमेरीचेच!

आपल्याला पार्श्वगायन नवे नाही. १९४९ सालच्या ‘महल’च्या ध्वनिमुद्रिकेवर लताबाईंच्या नावाऐवजी चित्रातल्या पात्राचे, ‘कामिनी’चे, नाव छापले होते, हे आपल्यातल्या जाणत्या भगिनींस ठाऊक असेलच.

पण गंमत पुढेच आहे. रोझमेरीचा करार कोलंबिया कंपनीशी होता, आणि बोलपटाच्या गाण्यांची तबकडी काढली डेक्का कंपनीने. त्यामुळे त्या तबकडीवर रोझमेरीच नाही; तिच्या जागी पेगी ली गायिली आहे. जिने दुसरीला आवाज दिला, तिच्याच जागी तिसरीचा आवाज आला. कायद्याने सारे बरोबर असेल, पण ऐकणाऱ्याला काय कळणार?

भगिनींनो, मला या माहितीपटाचे मोल वाटते ते येथे. बोलपट पाहून जे कधीच कळले नसते, ते एका म्हातारीला समोर बसवून विचारले म्हणून कळले. २९ जून २००२ रोजी रोझमेरीही निवर्तली. दोन वर्षे उशीर झाला असता तर तिची ही हकीकत तिच्या तोंडून मिळाली नसती. तरी एक उणीव राहतेच. व्हेरा-एलनची बाजू आपण ऐकतो ती रोझमेरीकडून. स्वतः तिला दुसरीच्या आवाजावर ओठ हलवताना काय वाटले असेल, हे तेथे तिच्या तोंडून ऐकावयास मिळत नाही.

आपल्या मंडळाच्या समारंभांतही पेटी वाजविणारी, पडदे शिवणारी, हिशेब राखणारी अशा कितीतरीजणी झाल्या. छायाचित्रात मात्र हार घेतलेला पाहुणाच मधोमध! म्हणून माझी एक सूचना आहे. पुढच्या स्मरणिकेसाठी वडीलधाऱ्या भगिनींकडे वही घेऊन जावे आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. एकाच प्रसंगाविषयी दोघींना विचारावे. हकीकती जुळल्या नाहीत, तर दोन्ही छापाव्या. या कामी पहिली वही मी आणीन.