रंगाची निगा आणि मातीची वडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा आलेख)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि ज्योतिर्विज्ञान असे भारदस्त विषय होऊन गेले. त्यांच्या पंक्तीला आज मोटारीचा रंग येऊन बसतो आहे, याचे काहींना नवल वाटेल. व्यासपीठावर बोलणारा एकच असला, तरी हे बोलणे आम्हा चौघा निवृत्त यंत्रज्ञांचे आहे. म्हणून प्रारंभापासून 'आम्ही' असाच उल्लेख करू.

परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मोटार ही निव्वळ चैनीची वस्तू कधीच नव्हती. मे महिन्याच्या सुटीत तीच आपल्याला गावी नेते, कुलदैवताच्या दर्शनाला नेते, आणि परतताना लोणच्याच्या बरण्या, आंब्यांच्या पेट्या आणि कोकमाच्या पुड्या तिच्याच पोटातून इकडे येतात. घरातील माणसांइतकीच तिची देखभाल व्हावी, हे स्वाभाविक आहे. मात्र देखभालीच्या नावाखाली आपण तिच्या रंगाला जेवढी इजा करतो, तेवढी ऊन-पावसानेही होत नाही, असे आमच्या पाहण्यात आले आहे. त्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम रंग म्हणजे काय ते पाहू. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला क्लियर कोट म्हणतात. हे सारे मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या मुलांच्या वहीचे एक पान सुमारे १०० मायक्रॉन जाड असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. त्यातही ऊन, धूर आणि पाणी यांना तोंड देणारा क्लियर कोट अवघा ३५ ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे वहीच्या पानाच्या अर्ध्याहून अधिक नव्हे. जुन्या फियाट, पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडरसारख्या मोटारींवर तर हा पारदर्शक थरही नसे. वरचा रंग हाच त्यांचा शेवटचा कवचथर. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर मोटारीला आयुष्य काढावयाचे असते, आणि प्रत्येक घासणीबरोबर ते भांडवल थोडे खर्च होते.

आता या थरावर बसते काय? धूळ बसते, ती पाण्याने जाते. परंतु काही पदार्थ असे असतात, की ते रंगाला चिकटून बसतात आणि साबणालाही दाद देत नाहीत. रस्त्याचे डांबर, झाडाचा चीक, शेजारच्या फाटकाला रंग मारताना उडालेले तुषार, बोअरिंगच्या जड पाण्याचे सुकलेले डाग, हे त्यांपैकी काही. आपल्यासारख्या पोलादनगरीत राहणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे लोहकण. भिलाई, राउरकेला, बोकारो किंवा जमशेदपूर येथे दिवस काढलेल्यांना त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. तरीही हा पाहुणा केवळ कारखान्यातून येतो असे समजू नये. रेल्वेची चाके रुळांवर घासतात, मोटारीचे ब्रेक तबकडीवर आवळले जातात, कोठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. या सर्वांतून लोखंडाचे तप्त, टोकदार कण हवेत उडतात आणि रंगावर रुतून बसतात. आगगाडीने पाठविलेल्या नव्या कोऱ्या मोटारींवरही ते आढळत, म्हणून या धंद्यातील लोकांनी त्याला 'रेल डस्ट' असे नावच देऊन टाकले.

लोहकण नुसता बसून राहत नाही. दमट हवेत तो गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. आणि मग पांढऱ्या मोटारीवर नारिंगी ठिपक्यांचे पुरळ उठल्यासारखे दिसू लागते. पाहणाऱ्याला वाटते, पत्राच गंजला. वास्तविक बहुतेक वेळा पत्रा खाली सुखरूप असतो. गंजलेला असतो तो वर बसलेला पाहुणा. हा भेद ज्याला कळला नाही, तो थेट रंगाऱ्याकडे जातो.

या पाहुण्याला रंग न खरवडता बाहेर काढण्याचे साधन म्हणजे क्ले बार, आपल्या भाषेत मातीची वडी. नाव मातीचे असले, तरी ही शाडूची किंवा मुलतानी माती नव्हे. हा कृत्रिम, रबरासारखा चिवट लगदा असतो आणि त्यात अत्यंत बारीक घर्षक चूर्ण मिसळलेले असते. जपानच्या तादाओ कोदाते यांना अशा लवचीक घर्षक वडीबद्दल १९९० च्या दशकात अमेरिकेत एकस्वे मिळाली, आणि तेव्हापासून रंगकामाच्या कारखान्यांतून ही वडी घरगुती वापरात आली. तिचे कार्य समजावयास सोपे आहे. रंगावर साबणपाण्याचा पातळ पडदा असतो; वडी त्या पडद्यावरून तरंगत सरकते. सपाट रंगाला तिचा स्पर्श जवळजवळ होतच नाही. पडद्याच्या वर डोके काढून बसलेला कण मात्र तिच्या वाटेत येतो, आणि वडी त्याला उचलून पोटात घेते. म्हणजे येथे जोर हाताचा नसून वंगणाचा आहे. पाणी कमी पडले, की हीच वडी रंगावर ओरखडे काढते.

आता कृती सांगतो. भगिनीवर्गाला ती आमच्याहून लवकर साधेल असा अनुभव आहे.

मोटार सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एक मोटारीच्या शाम्पूची आणि दुसरी फडके खळबळण्याची. कपडे धुण्याची पूड वापरू नये आणि रॉकेलचा बोळा तर मुळीच फिरवू नये. धुऊन झाल्यावर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटे हळूच फिरवावीत. उघड्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. स्पर्श गुळगुळीत असेल, तर वडी तेथे फिरवण्याची गरज नाही. खरखर लागली, तरच पुढे जावे.

नारिंगी ठिपके पुष्कळ असतील, तर वडीच्या आधी लोहकण विरघळविणारे द्रावण फवारावे. लोखंडाशी संयोग होताच ते जांभळे होते आणि मोटारीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. पाहणारे घाबरतात, पण घाबरण्याचे कारण नाही. त्याला कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी असते, म्हणून मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून काम करावे, आणि द्रावण सुकू न देता धुऊन टाकावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. खोल रुतलेल्या कणाचे वडी नुसते डोके उडविते, मूळ तसेच राहते आणि पावसाळ्यात ठिपका पुन्हा उगवतो.

मग वडीतून लिंबाएवढा गोळा तोडून कणकेसारखा मळावा आणि चार बोटांत मावेल अशी चपटी चकती करावी. सौम्य प्रतीची वडी घ्यावी. कडक वड्या रंगाऱ्यांच्या कामाच्या असतात. एका वेळी हातभर लांब आणि हातभर रुंद एवढाच भाग घ्यावा, त्यावर वंगण सढळ हाताने फवारावे, आणि चकती सरळ रेषेत, पुढे-मागे, वजन न देता सरकवावी. गोल फिरवू नये. आरंभी ती अडखळते आणि किंचित करकर आवाज येतो. आठ-दहा वेळा सरकविल्यावर आवाज थांबतो आणि चकती लोण्यावरून जावी तशी जाते. तेथेच थांबावे. मऊ मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्यावे, चकतीची मळलेली बाजू आत दुमडावी, पुन्हा मळावी आणि पुढे जावे. छतापासून आरंभ करून चाकांजवळचा भाग शेवटी घ्यावा. वडी जमिनीवर पडली, तर हळहळ न करता टाकून द्यावी. तिला चिकटलेला वाळूचा एक कण संपूर्ण बॉनेटवर रेघा ओढतो. सरतेशेवटी मेण लावावे, कारण वडीने मळाबरोबर जुने मेणही नेलेले असते आणि रंग उघडा पडलेला असतो. असा सोपस्कार वर्षातून एकदा, फार तर दोनदा करावा. दर महिन्याला करण्याचा उत्साह कोणी धरू नये.

या वडीने काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे. तिने ओरखडे जात नाहीत, उडालेला रंग परत येत नाही, आणि पत्र्यातूनच फुगून आलेला गंज थांबत नाही. ताज्या रंगविलेल्या मोटारीला रंग पुरता पक्का होईपर्यंत आणि मॅट रंगाच्या मोटारीला कधीही ती लावू नये.

येथे एक अनुभव सांगण्याची परवानगी असावी. मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासद भगिनींकडे त्यांच्या दिवंगत यजमानांनी १९८० च्या दशकात घेतलेली पांढरी पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जन्मलेली ही मोटार. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या काळ्या-पिवळ्या भगिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, पण ही अद्याप चालती आहे. रेल्वे यार्डाजवळच्या घरासमोर वर्षानुवर्षे उभी राहून तिच्यावर नारिंगी ठिपके पसरले होते. एका गॅरेजने निदान केले, की सारा रंग पत्र्यापर्यंत घासून नव्याने मारावा लागेल. परदेशी असलेले चिरंजीव म्हणाले, विकून टाकू. बाईंनी आम्हाला एवढेच विचारले, "ह्यांच्या हातचं काही राहील का हो तिच्यावर?"

आम्ही दोन रविवार ते काम केले. द्रावणाने आणि वडीने बॉनेट आणि दारे यांवरील बहुतेक ठिपके गेले. वडी थोडी पांढरी झाली. क्लियर कोट नसलेल्या जुन्या रंगाचे ते लक्षणच आहे, त्याला दोष समजू नये. छतावर मात्र रंग इतका विरळ झाला होता, की खालच्या प्रायमरची छटा दिसू लागली होती. तेथे आम्ही वडी लावलीच नाही, फक्त धुऊन मेण लावले. काही ठिपके तसेच ठेवले. चालकाच्या दाराच्या मुठीखाली अंगठीने पडलेल्या बारीक रेघा होत्या. त्या पॉलिशने मिटल्या असत्या. बाईंनी त्यांवर बोट फिरविले आणि "असू देत," म्हणाल्या. मोटार विकली गेली नाही. एका वहीच्या पानाएवढ्या थरात माणसाचे काय काय शिल्लक राहते, आणि तो एका दुपारी कसा घासून टाकता येतो, हे त्या दिवशी आम्हा चौघांना उमगले.

म्हणून आमचे मागणे एवढेच, की 'सगळे खरवडून नवे करा' हा सल्ला शेवटचा असावा, पहिला नसावा. आधी धुवावे, मग बोटांनी पाहावे, मग जेवढे चिकटले आहे तेवढेच काढावे, आणि थांबावे.

शेवटी एक विनंती. आपल्या वसाहतीत पहाटे मोटारी पुसणारी जी मुले येतात, ती एका बादलीत आणि एका फडक्यात दहा मोटारी पुसतात. कोरड्या धुळीवर फडके फिरले, की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा उमटतात, आणि आपण त्यांना बोल लावतो. वास्तविक फडके आपण दिलेले असते आणि पाणी आपण मोजून दिलेले असते. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता मंडळाच्या पटांगणात आम्ही या कृतीचे प्रात्यक्षिक दाखविणार आहोत. आपण आपली मोटार आणावीच, पण आपल्या मोटारी पुसणाऱ्या मुलालाही बरोबर आणावे, आणि त्याच्या चहाची व्यवस्था मंडळाने करावी. त्या मुलांसाठी मऊ कापडे आम्ही चौघे देऊ; दुसरी बादली ज्याने त्याने आपापल्या घरून द्यावी.