ग्राहकांचा वकील कोण?

(पोफळी, ता. चिपळूण येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजगृह १९६२पासून चालू आहे. पहिल्या दोन टप्प्यांची मिळून येथील क्षमता ६०० मेगावॅट. यंत्रांवरून गेलेले पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात साठते, तेथे पुन्हा वीज देते आणि मग वाशिष्ठीत उतरते. ही वाशिष्ठी जेथे समुद्राला मिळते, तेथे अंजनवेलला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प उभा राहिला. एकाच नदीच्या दोन टोकांना विजेचे दोन व्यवहार! वरच्या टोकाची वीज सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली आणि स्वस्त. खालच्या टोकाच्या विजेचा दर काही महिन्यांत युनिटला ७ रुपयांच्याही वर गेला. परंतु ज्याच्या घरात दिवा लागतो त्याला या दोन विजांची दोन बिले येत नाहीत. एकच बिल येते आणि त्यात दडलेला अन्याय दहा-वीस रुपयांचा असतो. दहा-वीस रुपयांसाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. एक कोटी घरांतून मात्र दरमहा दहा रुपये जादा गेले, तर ते दहा कोटी होतात. लूट घाऊक आणि तक्रार किरकोळ, हे आजच्या बाजारव्यवस्थेचे मर्म आहे.

अमेरिकेत या कोड्याला एक उत्तर सापडले. तेथील संघराज्य न्यायालयांच्या दिवाणी नियमांत १९६६ साली दुरुस्ती झाली आणि हजारो लोकांच्या वतीने एकाने दावा चालवण्याची वाट मोकळी झाली. वकील स्वतःच्या खर्चाने दावा लढवतो, हरला तर त्याचे श्रम बुडतात, जिंकला तर भरपाईतून त्याची फी मिळते. त्यातून वकिलांचा एक वर्गच निर्माण झाला. ग्राहकांचे सामुदायिक दावे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम. मोटार कंपन्यांना धारेवर धरणारे राल्फ नेडर हेही वकीलच. जनरल मोटर्सने त्यांच्यामागे गुप्तहेर लावले, त्याबद्दलच्या दाव्यात १९७०मध्ये ४,२५,००० डॉलरची तडजोड झाली आणि ती रक्कम त्यांनी ग्राहकांच्याच कामात घातली. सगळे नेडर नसतात, हेही खरे. अशा दाव्यांत वकिलाला लक्षावधी डॉलर आणि ग्राहकाला पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन, असेही निकाल तेथे लागले आहेत.

आपल्याकडे असा वकील का दिसत नाही? याचे कारण वकिलांच्या स्वार्थात शोधणे अन्यायाचे होईल. बार कौन्सिलच्या नियमांनुसार, निकालावर अवलंबून राहणारी फी वकिलाला ठरवताच येत नाही. दाव्यात मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यालाही बंदी आहे. वकिलाने पक्षकाराच्या भांडणात भागीदार होऊ नये, हा त्यामागील विचार योग्यच आहे. पण मग दहा रुपयांचे गाऱ्हाणे असलेल्या एक कोटी माणसांची फी कोणी भरायची?

१९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, पहिल्या आदेशाच्या आठव्या नियमात, समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एकाने दावा करण्याची सोय आहे. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती ग्राहक मंचांपुढे आणली आणि २०२०मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्याने कायम ठेवली. व्यवहारात ही वाट अरुंद आहे. बंगळूरच्या एका गृहसंकुलात १,१३४ सदनिका होत्या आणि ९१ जणांनी सर्वांच्या वतीने तक्रार केली. सर्व सदनिकाधारकांचे हित एकच आहे हे तक्रारीत नीट मांडलेले नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये ती सर्वांची तक्रार मानण्यास नकार दिला. त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार तेवढी टिकली. 'आम्ही सर्व' म्हणणे सभेत सोपे असते. कोर्टात 'सर्व' म्हणजे कोण, त्यांचे दुखणे एकच कसे, हे कागदावर सिद्ध करावे लागते.

आणि सर्वांच्या वतीने बोलणारा सर्वांना न विचारता बोलू लागला तर काय होते, ते भोपाळने दाखवले. १९८५च्या कायद्याने वायुपीडितांच्या वतीने दावा करण्याचा अधिकार केंद्र सरकारने एकट्याकडे घेतला. मागणी ३३० कोटी डॉलरची होती. फेब्रुवारी १९८९मध्ये तडजोड झाली ४७ कोटींवर. पीडितांना कोणी विचारले नव्हते. देशातील सर्वांत मोठ्या सामुदायिक दाव्याचा वकील खुद्द सरकार होते, ही गोष्ट सरकारवर भिस्त ठेवणाऱ्या समाजवाद्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे.

महाराष्ट्रात हे काम झाले ते बहुधा वकिली हा व्यवसाय नसलेल्या माणसांकडून. १९७२मध्ये मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या महागाईविरोधी महिला समितीने लाटणी हाती घेतली, ते ग्राहकांचेच आंदोलन होते. नियंत्रित सिमेंटच्या वाटपाचा आणि मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्यांचा संबंध प्रा. प. बा. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च न्यायालयात मांडला. जानेवारी १९८२मध्ये न्या. लेंटिन यांचा निकाल लागला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. घराला चार पोती सिमेंट मिळत नाही म्हणून खेटे घालणारा सामान्य माणूस त्या याचिकेत नावाने नव्हता, पण गाऱ्हाणे त्याचेच होते.

मात्र 'ग्राहक' हा शब्द समाजवाद्यांना पुष्कळ काळ मध्यमवर्गीय वाटत राहिला, हे नाकारता येणार नाही. श्रमिक, शेतकरी, दलित, स्त्री यांच्या संघटना झाल्या; ग्राहकांची संघटना इतरांनी बांधली. ग्राहक पंचायतीचे बिंदुमाधव जोशी समाजवादी परंपरेतले नव्हते. त्यांनी १९७४मध्ये पुण्यात काम उभे केले, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि १९८६च्या कायद्याला अनुकूल हवा या मंडळींनीही तयार केली. मतभेद कायम ठेवूनही हे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

एन्रॉनचा लढा या दृष्टीने फार बोलका आहे. करार रद्द व्हावा म्हणून सिटू आणि अभय मेहता उच्च न्यायालयात गेले. १९९६च्या डिसेंबरात न्यायालयाने सरकारच्या वर्तनावर कोरडे ओढले आणि याचिका फेटाळली. रस्त्यावरही गुहागरच्या गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या. प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९मध्ये सुरू झालाच. मे २००१मध्ये वीज मंडळाने ही वीज घेणे थांबवले ते पैसे संपल्यावर. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या गटाने वीजखरेदी कराराचा हिशेब मांडून जे भाकीत केले होते, ते अक्षरशः खरे ठरले होते. करार ज्यांनी वाचला त्यांना शेवट आधीच दिसला होता. वाचणारे फार थोडे होते, इतकेच.

१९९९मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला. अशा आयोगांच्या मुळाशी खाजगीकरणाचा विचार आहे, हा आक्षेप निराधार नाही. परंतु त्याने एक दरवाजा उघडला: दरवाढीचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि त्यावर कोणाही ग्राहकाला हरकत घेता येते. त्या सुनावण्यांतच विजेच्या गळतीचे बिंग फुटले. १८ टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती प्रत्यक्षात ३० टक्क्यांच्याही वर निघाली. शेतकऱ्याच्या पंपाच्या नावावर जी वीज खपल्याचे दाखवले जात होते, तिच्यातील मोठा भाग चोरीचा आणि गळतीचा होता. शेतकऱ्यावरचा एवढा मोठा आळ कोणत्याही मोर्चाने धुऊन काढला नव्हता. तो आकडेमोडीने निघाला. जनता दलाच्या कामातून आलेले इचलकरंजीचे प्रताप होगाडे महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेच्या वतीने वर्षानुवर्षे हेच करीत आले: प्रस्तावाची शेकडो पाने वाचायची, चूक शोधायची, आयोगापुढे उभे राहायचे. या कामात हार-तुरे नाहीत, आणि म्हणून कार्यकर्तेही फारसे मिळत नाहीत.

सनद नसलेल्या माणसाने बाजू मांडावी की नाही, यावरही मुंबईत वाद झाला. ग्राहकाच्या वतीने अधिकृत प्रतिनिधी मंचापुढे उभा राहू शकतो, असे उच्च न्यायालयाने सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये ते उचलून धरले. गंमत अशी की, वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही, असेही त्याच न्यायालयाने मे २०२४मध्ये ठरवले. डॉक्टर १९९५पासून त्या कायद्याखाली आहेत. वकील बाहेर राहिले.

चिपळूण तालुक्यात याचा अर्थ अगदी साधा आहे. एकेका वाडीतील बारा महिन्यांची बिले गोळा करायची, सरासरी युनिट लावून काढलेली बिले वेगळी काढायची, मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळवायचा. अशी पन्नास बिले एकत्र आली की ती पन्नास रडगाणी उरत नाहीत, पुरावा होतो. महावितरणच्या अंतर्गत ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. दरवाढीच्या सुनावणीसाठी कोकणच्या माणसाला सहसा नवी मुंबई गाठावी लागते. एक दिवस जाण्यात मोडतो, एक येण्यात, आणि बोलायला मिळतात थोडी मिनिटे. पण लेखी हरकत साध्या कागदावर, मराठीत करता येते आणि त्यासाठी वकीलपत्र लागत नाही.