खोक्यावर लिनक्सचे नाव नसले तरी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



आजचा विषय तळहातावर मावेल एवढा आहे : आर्डुइनोचा बोर्ड. 2005 साली इटलीतल्या इव्रेया गावी तो जन्मला, विद्यार्थ्यांना स्वस्तात प्रयोग करता यावेत म्हणून. आराखडा खुला असल्याने तसेच बोर्ड आता अनेकजण बनवतात. आपल्या बंगळूरच्या एस. पी. रोडवर मिळणाऱ्या स्वस्त बोर्डांत यूएसबीसाठी बहुधा सीएच 340 ही चिनी चिप असते, आणि सोबतच्या कागदावर सूचना असतात त्या विंडोजच्या.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ज्यांवर चढत नाही असे संगणक आपल्याकडे घरोघरी पडून आहेत. त्यांवर लिनक्स घालून ते मुलांना द्या, असे मी सुचवले की हमखास उत्तर येते, "अहो, पण बोर्ड त्यावर चालत नाही ना!"

मंडळी, चालतो. या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलबरोबरच येतो. अडते ते तीन ठिकाणी. बोर्ड जोडताना कर्नेलचे संदेश टर्मिनलवर पाहिले, की नेमके कुठे ते कळते.

एकही नवा संदेश आला नाही, तर आधी केबल बदला. काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण माहिती जात नाही.

पोर्ट दिसतो पण परवानगी नाकारली जाते? उबुंटूत हा हक्क 'डायलआऊट' गटाचा. आपले नाव त्या गटात घाला आणि लॉगआऊट करून पुन्हा आत या.

तिसरी गोष्ट गमतीची. उबुंटू 22.04 मध्ये पोर्ट दिसतो आणि लगेच नाहीसा होतो. तो घेतो अंध व्यक्तींसाठी ब्रेल-पट्टी चालवणारा 'बीआरएलटीटीवाय' हा प्रोग्राम. एका ब्रेल-यंत्राचा यूएसबी ओळखक्रमांक आणि या चिपचा क्रमांक एकच. त्यामुळे त्याला वाटते, आपलेच यंत्र आले! घरात ब्रेल-पट्टी कोणी वापरत नसेल, तर तो प्रोग्राम काढावा. कोणी वापरत असेल, तर प्रोग्राम राहू द्यावा, फक्त त्या क्रमांकाचा नियम बंद करावा. आपल्या खेळापायी कुणाचे वाचन बंद पडू नये.

'सपोर्ट नाही' म्हणजे विकणाऱ्याने जबाबदारी घेतलेली नाही, इतकेच. 'चालणार नाही' असा त्याचा अर्थ नव्हे. पालकांनो, मुलाने "चालत नाही" म्हटले, की नवा संगणक घेण्याआधी त्याला विचारा, "कुठवर चालतं?" या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता तो जे शिकेल, ते कुठल्याच खोक्यातून विकत मिळत नाही.

जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी मंडळाला जरूर कळवा. आपण सारे मिळून तो मुलांसाठी चालता करू.

गणपती बाप्पा मोरया!