पत्ता तोच, टपालघर नवे



ठाण्याच्या पत्रावर ४००६०१, डोंबिवलीच्या पत्रावर ४२१२०१ आणि कल्याणच्या पत्रावर ४२१३०१ असा पिनकोड लिहिण्याची रीत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पत्र कोणत्या टपालघराकडे जावयाचे, हे त्या अंकावरून कळते. ई-मेलमध्ये हेच कार्य पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हापुढील नाव करिते. त्या नावाचे टपाल कोणत्या सर्व्हरकडे धाडावे, याची नोंद इंटरनेटच्या नामसूचीत असते. ही नोंद बदलली म्हणजे पत्ता तोच राहून टपाल नव्या सर्व्हरकडे वळते.

असे स्थलांतर अलीकडे आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर घडले. केंद्र सरकारच्या ई-मेलची व्यवस्था १९७६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र पाहत आले आहे. २०२३ साली झोहो या भारतीय कंपनीस त्याचे सात वर्षांचे कंत्राट मिळाले आणि पुढे सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या तिच्या प्रणालीवर नेण्यात आल्या. पत्त्यातील सरकारी नावे मात्र बदलली नाहीत.

कल्याणजवळील २७ गावे २०१५ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत पुन्हा समाविष्ट झाली, तेव्हा कोणाचेही घर जागचे हलले नाही. कारभार तेवढा दुसऱ्या कचेरीकडे गेला. अशा वेळी दप्तरातील एखादे पान मागे राहिले, तर त्याची झळ घरमालकास लागते. ई-मेलचेही तसेच आहे. यास्तव चार गोष्टींची दक्षता घ्यावयास हवी.

पहिली गोष्ट नावांची यादी. बदली झालेले शिक्षक, निवृत्तीच्या उंबरठ्यावरील कर्मचारी आणि शाळांच्या सामाईक टपालपेट्या तीत आल्या पाहिजेत. ज्याचे नाव गळले, त्याचे पत्र पाठविणाऱ्याकडे परत जाते.

दुसरी गोष्ट जुन्या सर्व्हरची. बाहेरील सर्व्हर जुनी नोंद काही काळ स्मरणात ठेवतात. त्यामुळे नोंद बदलल्यावरही काही पत्रे जुन्याच दारी येतात. म्हणून जुना सर्व्हर काही दिवस चालू ठेवावा आणि दोन्हींकडील पत्रांची संख्या कप्प्यागणिक ताडून पाहिल्यावाचून तो बंद करू नये.

तिसरी गोष्ट, सर्वच सामान आपोआप येत नाही. पूर्वी शाळेच्या संगणकावर उतरवून सर्व्हरवरून काढून टाकलेली पत्रे त्या संगणकातच असतात. ती स्वतंत्रपणे जपून ठेवावी लागतात. पत्त्यांची वहीही बहुधा वेगळी न्यावी लागते.

चौथी गोष्ट पासवर्डची. सुरक्षित सर्व्हर पासवर्ड अशा रूपात साठवितो की त्यावरून मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. म्हणून बहुधा नवा पासवर्ड घ्यावा लागतो. नेमकी हीच संधी साधून भामटे ‘स्थलांतरासाठी पासवर्ड कळवा’ अशी खोटी पत्रे धाडतात. खऱ्या व्यवस्थापकास कोणाचाही पासवर्ड विचारण्याचे प्रयोजन नसते, ही गोष्ट प्रत्येक केंद्रप्रमुखाने आपल्या शिक्षकांस आधीच सांगून ठेवावी.

निवृत्तिवेतनाच्या कागदाची त्रुटी कळविणारे पत्र हरवले, तर एखाद्या शिक्षिकेचे वेतन महिनोन्महिने अडून राहील. मुरबाडच्या दुर्गम शाळेतील एकट्या शिक्षकास आपली सर्व जुनी पत्रे नव्या पेटीत सापडली आणि त्याने नव्या पेटीतून पाठविलेल्या पत्रास उत्तर आले, म्हणजे स्थलांतर पुरे झाले असे समजावे. तोपर्यंत जुने दार उघडे असावे.