बार्ब्यूडाची पुळण

वेस्ट इंडीज म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें क्रिकेटचें मैदान उभें राहतें. अँटिग्वा हें नांवहि पुष्कळांस व्हिव्हियन रिचर्ड्स आणि अँडी रॉबर्ट्स यांच्यामुळेंच ठाऊक झालेलें असतें. पण १९८१ सालीं स्वतंत्र झालेल्या त्या राष्ट्राचें पुरें नांव 'अँटिग्वा आणि बार्ब्यूडा' असें आहे, आणि त्या 'आणि'च्या पलीकडचें बेट पाहावयास सहसा कोणी जात नाहीं. आज मला बोलावयाचें आहे तें त्या दुसऱ्या बेटाविषयीं.

अँटिग्वाच्या उत्तरेस सुमारें ३० मैलांवर बार्ब्यूडा आहे. सेंट जॉन्सच्या बंदरांतून बोटीनें दीडएक तास लागतो. वाटेंत समुद्र बराच हलवतो. ज्यांस बोट लागते त्यांनीं न्याहरी बेतानेंच करावी. अगदीं जवळ जाईपर्यंत बेट नजरेस पडत नाहीं, कारण त्यावरील सर्वांत उंच जागाहि सव्वाशें फुटांच्या आसपासच आहे. सभोंवतीं प्रवाळाचे खडक पसरले आहेत. शिडांच्या काळीं कित्येक जहाजें या सखल बेटाचा सुगावा लागण्यापूर्वींच त्या खडकांवर फुटलीं. क्षेत्रफळ सुमारें ६२ चौरस मैल. वस्ती दोन हजारांच्या आंत, आणि ती जवळ जवळ सारी कॉड्रिंग्टन या एकाच गांवांत. बाकी सगळीकडे खुरटीं झुडपें आणि त्यांतून हिंडणारीं मोकाट गाढवें.

गांवाच्या पश्चिमेस खाऱ्या पाण्याचें एक विस्तीर्ण सरोवर आहे. होडीनें तें ओलांडलें म्हणजे वाळूची अरुंद पट्टी लागते. तिच्या अलीकडे सरोवर, पलीकडे कॅरिबियन समुद्र. हीच ती पुळण. दहा मैलांहून अधिक लांब, आणि मी गेलों त्या दिवशीं माझ्या व नावाड्याच्या पावलांखेरीज तिसऱ्या माणसाचें पाऊल तिच्यावर उमटलेलें नव्हतें. वाळू दुरून पांढरी दिसते. पाण्याच्या कडेशीं मात्र तिला फिकट गुलाबी झांक येते. मूठभर उचलून पाहिली तर तो प्रवाळाचा आणि बारीक तांबूस शिंपल्यांचा चुरा आहे, हें ध्यानांत येतें. या भागांत वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो, म्हणून लाटांचा मारा बेटाच्या दुसऱ्या अंगास. येथें पाणी नुसतें वाळूला स्पर्श करून मागें सरतें.

कोंकण किनाऱ्याची संवय असलेल्या मनुष्यास आणखी एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते. मुंबईस भरती-ओहोटींत बारा-पंधरा फुटांचा फरक सहज पडतो. समुद्र येतो आणि जातो. येथें तो फरक फूट-दीड फुटांचा. सकाळीं जेथें पाण्याची रेघ होती, तेथेंच ती दुपारींहि जवळपास तशीच असते. दिवस पुढें सरकतो आहे, हें समुद्राकडे पाहून कळतच नाहीं.

सरोवराच्या कांठच्या तिवरांत फ्रिगेट पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. विणीच्या हंगामांत नर गळ्याखालची लालभडक पिशवी फुगवून बसतात, तें दृश्य मोठें गमतीचें असतें. हा पक्षी जन्मभर समुद्रावर हिंडतो, परंतु त्याचीं पिसें भिजत असल्यामुळें पाण्यावर बसूं शकत नाहीं.

इतकी सुंदर पुळण इतकी रिकामी कशी, हा प्रश्न मला तेथें बसल्या बसल्याच पडला. याचें श्रेय निसर्गास देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु खरें कारण जमिनीच्या मालकींत आहे. १६८५ सालीं इंग्लंडच्या राजसत्तेनें हें बेट कॉड्रिंग्टन घराण्यास पट्ट्यानें दिलें. माती उथळ व पाऊस कमी, त्यामुळें येथें उंसाचे मळे झाले नाहींत. आफ्रिकेंतून आणलेले गुलाम येथें गुरें राखीत, धान्य पिकवीत, लांकूड तोडीत, आणि तें सारें अँटिग्वाच्या मळ्यांस जाई. त्याच घराण्यांतील एकाच्या देणगींतून ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचें भव्य ग्रंथालय उभें राहिलें. २०२० सालीं कॉलेजनें त्या ग्रंथालयाचें कॉड्रिंग्टन हें नांव वापरणें बंद केलें. गांवाचें नांव मात्र आजहि तेंच आहे. १८३४ सालीं गुलामगिरी उठली, १८७० सालीं कॉड्रिंग्टन घराण्याचा पट्टा संपला, आणि मागें राहिलेले लोक सारी जमीन सामाईक समजून वापरीत राहिले. २००७ सालच्या कायद्यानें ही वहिवाट लेखी झाली: जमीन सर्व बार्ब्यूडावासीयांची, ती कोणास विकतां येणार नाहीं, आणि परक्यास मोठा उद्योग काढावयाचा असेल तर बहुसंख्य लोकांची संमति हवी.

पुढें २०१७ च्या सप्टेंबरांत इर्मा नांवाचें वादळ आलें. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें १८० मैल. बहुतेक सर्व घरें मोडलीं, एक लहान मूल दगावलें, मी वर्णिलेली वाळूची पट्टी फुटून समुद्र सरोवरांत शिरला. पाठोपाठ दुसरें वादळ येणार अशी भीति पडल्यामुळें एकूण एक माणसास अँटिग्वास नेण्यांत आलें. सुमारें तीनशें वर्षांत प्रथमच बेट मनुष्यहीन झालें. आणि लोक अजून पुरते परतले नव्हते, तोंच सरकारनें जमिनीचा कायदा बदलण्यास हात घातला. सरकारचें म्हणणें असें, कीं स्वतःच्या नांवावर जमीन असल्याखेरीज घर बांधण्यास कर्ज कोणती पेढी देईल? प्रश्न अगदींच पोकळ नव्हे. परंतु जें विकतां येतें तें विकत घेणारा श्रीमंत परकाच असतो, हें बेटावरील लोक जाणून होते. दक्षिणेकडील पुळणींवर धनिकांचे बंगले आणि गोल्फचें मैदान आज झालेलेंच आहे.

वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. एके काळीं आपल्याहि खटल्यांचा शेवटचा निवाडा तेथेंच होत असे. २०२२ सालीं जमिनीच्या हक्काबाबत निकाल बेटवासीयांविरुद्ध गेला. २०२४ सालीं मात्र नव्या विमानतळाच्या परवानगीस आव्हान देण्याचा त्यांचा अधिकार त्याच न्यायासनानें मान्य केला. तोंवर विमानतळाचें काम पुष्कळ पुढें गेलें होतें, आणि त्याच वर्षीं तो सुरूहि झाला.

एका दिवसाच्या पाहुण्यानें आपल्या शांततेसाठीं दुसऱ्यांनीं कर्जावांचून, पक्क्या घरावांचून राहावें अशी अपेक्षा करणें बरें नव्हे. तरीहि माझा कल गांवाच्या बाजूचा आहे. ती पुळण मला मोकळी सांपडली ती त्यांनीं विकली नाहीं म्हणून; आणि ती विकावी कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे असावा, एवढेंच ते मागत आहेत.

जाणाऱ्यानें पिण्याचें पाणी आणि छत्री बरोबर न्यावी. त्या लांब पुळणीवर बहुतेक ठिकाणीं पाणीहि नाहीं आणि सावलीहि नाहीं.