श्वास आणि ठोका

सुरत शहराच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत दिवसाच्या कोणत्याही प्रहरी गेले तरी एक आवाज कानी पडतोच. तो यंत्रमागांचा. जुन्या पद्धतीच्या मागावर धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या मारतो. आणि असे पन्नास-शंभर माग एका पत्र्याच्या छपराखाली चालू लागले म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे त्याच्या ओठांवरून ओळखावे लागते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्तीच्या काठाकाठाने जाणाऱ्या भुसावळ-सुरत लोहमार्गाने पोटासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे या आवाजात संसार करीत आहेत. त्यांची मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून शिकत आहेत. बारा तासांच्या पाळीत मागावर कोणी गात नाही. गायिले तरी ते गाणाऱ्यालाच ऐकू यावयाचे नाही.

याच सुरतेत सतराव्या शतकात अगदी निराळा असा एक ध्वनी उमटत असे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला, तेव्हा फ्रेंच कापुचिन धर्मगुरू फादर अँब्रोझ यांच्या निवासस्थानाला त्यांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे. त्या मठात लॅटिन भाषेतून उपासना चाले. मठातील प्रार्थनास्वर आणि कारखान्यातील ठोका, हे दोन्ही ध्वनी सुरतेने ऐकले. परंतु त्यांच्यामध्ये तीन शतके गेली आणि त्यांची गाठ काही तेथे पडली नाही. ती पडली युरोपात, विसाव्या शतकाच्या अखेरीस, एका ध्वनिमुद्रिकेवर.

कारखान्याच्या आवाजाला संगीत मानण्याची कल्पना त्या वेळी नवी राहिली नव्हती. १९७६ साली लंडनमध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या मंडळींनी आपली ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि तिला ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ असे सरळ नाव दिले. त्यावरूनच या प्रकाराला औद्योगिक संगीत असे नाव पडले. १९८० साली बर्लिनमध्ये निघालेल्या एका जथ्याने तर वाद्यांच्या जोडीला लोखंडी पत्रे, हातोडे आणि छिद्रे पाडण्याची यंत्रे रंगमंचावर आणली. त्यांच्या जर्मन नावाचा अर्थ ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’ असा होतो. त्याच वर्षी स्लोव्हेनियातील त्र्बोव्ल्ये या कोळशाच्या खाणींच्या गावी ‘लायबाख’ हा गट जन्मास आला. पुढे अमेरिकेत या प्रकाराला विजेच्या गिटारची जोड मिळाली आणि ‘इंडस्ट्रियल रॉक’ हा शब्द रूढ झाला. कर्कश म्हणून याची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु ज्यांचे बालपण गिरणीच्या भोंग्यावर उठण्यात आणि निजण्यात गेले, त्यांनी त्याच आवाजाला कलेत ओढून आणावे, यात न समजण्यासारखे काही नाही.

आता दुसरा पक्ष. ज्याला ग्रेगोरियन गायन म्हणतात त्याला इ. स. ६०४ मध्ये निवर्तलेल्या पोप ग्रेगरी यांचे नाव मिळाले आहे. मात्र त्याचे आजचे रूप आठव्या-नवव्या शतकांत फ्रँक लोकांच्या राज्यात घडले, असे संगीताचे इतिहासकार मानतात. हे गायन एकपदरी असते. सर्वांनी एकच स्वर धरावयाचा. साथीला वाद्य नाही, ताल नाही, सम नाही. शब्द जेथे संपतो तेथे स्वर संपतो, आणि वाक्य जेवढे लांब तेवढा श्वास लांब. आपल्याकडील वेदपठण ज्याने ऐकले आहे त्याला याची थोडीफार कल्पना येईल. एका गायकाचा श्वास पुरला नाही तर शेजारी तो स्वर धरून ठेवतो आणि पहिला हळूच पुन्हा त्यात मिसळतो. अनेक कंठ मिळून जणू एकच माणूस गात असतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील सोलेम येथील मठवासीयांनी जुनी हस्तलिखिते धुंडाळून या गायनाचा जीर्णोद्धार केला. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी त्याला उपासनेत मानाचे स्थान दिले. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही ते स्थान कायम ठेवले. पण त्याच परिषदेने मातृभाषेला दार उघडून दिले. वसईच्या गावांतून मिस्सा मराठीत होऊ लागली, लोक मराठी गीते मोकळ्या गळ्याने म्हणू लागले, आणि लॅटिन गायन मागे पडत गेले. जे मिळाले त्याचे मोल मोठे आहे. त्यासाठी जे गेले त्याचा उल्लेखही करू नये असे मात्र नाही.

अशा रीतीने देवळातून जवळजवळ बाहेर पडलेले हे गायन १९९० साली नृत्यगृहांत जाऊन पोहोचले. बुखारेस्टमध्ये जन्मलेला आणि जर्मनीत नावारूपास आलेला मायकेल क्रेटू हा संगीतकार स्पेनच्या इबिझा बेटावर राहत होता. त्याने ‘एनिग्मा’, म्हणजे ‘कोडे’, या नावाने आपली पहिली ध्वनिमुद्रिका त्या वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध केली. तिचे शीर्षक म्हणजे रोमन आकड्यांत लिहिलेले १९९० हे ख्रिस्तवर्षच होय. काटेकोरपणे तिला औद्योगिक रॉक म्हणता येणार नाही. तिच्यातील ठोका हातोड्याचा नसून नृत्याचा, मऊसर आहे. परंतु मूळ गोष्ट तीच, की न थकणारे यंत्र खाली चालले आहे आणि वर मठातील स्वर तरंगत आहेत. त्यांतील पहिले गीत जर्मनी, इंग्लंड आणि इतर अनेक देशांत विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेले.

त्या गीताच्या आरंभी काही क्षण केवळ गायन आहे. मग ठोका सुरू होतो. ते पहिले क्षणच सर्वांत सुंदर आहेत, असे म्हटले तर क्रेटूच्या चाहत्यांनी रागावू नये. ठोका सुरू झाल्यावर स्वर तेच राहतात. पण ते आता कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखे वाटतात. याचे कारण यंत्रात आहे. ध्वनीचा तुकडा उचलून, कापून, हवा तितक्या वेळा वाजविणारे उपकरण या संगीतामागे असते. मोकळ्या श्वासाचे वाक्य चार-चार मात्रांच्या खणांत बसवावयाचे म्हणजे कोठे त्याची शेपटी छाटावी लागते, कोठे मध्येच रिकामी जागा भरावी लागते. यंत्र कोणासाठी थांबत नाही, तेव्हा नमते घ्यावयाचे ते कंठाने. १९६८ साली अमेरिकेतील ‘इलेक्ट्रिक प्रून्स’ या गटाच्या नावावर संपूर्ण लॅटिन मिस्सा रॉक संगीतात निघाली, तिची गोष्ट वेगळी होती. डेव्हिड ॲक्सेलरॉड याने ती नव्याने रचली होती. ती त्या गटाला पेलेना, बाहेरचे वादक आणावे लागले, हे खरे. पण निदान गाणारे कोणासाठी गात आहेत हे त्यांना ठाऊक होते.

क्रेटूच्या मुद्रिकेवरील गायकांना ते ठाऊक नव्हते. तो आवाज होता म्युनिकच्या ‘कापेला अँटिक्वा’ या वृंदाचा, कोन्राड रूलांड यांच्या मार्गदर्शनाखाली १९७६ साली निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेवरचा. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीच्या आरंभी म्हणावयाचे शब्द त्यात होते. ते उचलून ज्या गीतात घातले, त्याचा विषय होता मार्की द साद. परपीडेत सुख मानण्याच्या विकृतीला ज्याच्या नावावरून पाश्चात्त्य भाषांत नाव मिळाले तो फ्रेंच लेखक. परवानगी कोणी विचारली नव्हती. तक्रार झाली आणि अखेर भरपाई देऊन प्रकरण मिटविण्यात आले. कोणी म्हणेल, शेकडो वर्षांचे हे गायन. त्याचा मालक कोण? स्वररचनेचा मालक कोणी नाही हे मान्य. पण कंठाला मालक असतो. तो श्वास त्या वृंदातील माणसांनी त्या दिवशी घेतला होता, आणि कशासाठी घेतला हेही ठरवून घेतला होता.

हा प्रसंग एकदाच घडला असता तर अनवधान म्हणून सोडून देता आला असता. १९९३ मध्ये ‘एनिग्मा’च्या पुढील एका गीतात तैवानमधील आमी जमातीच्या वृद्ध शेतकरी दांपत्याचा आवाज आला. दिफांग आणि त्यांची पत्नी यांचे ते गाणे १९८८ साली फ्रान्सच्या दौऱ्यात मुद्रित झाले होते. ते जगभर गाजले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या जाहिरातीतही वाजले. गाणाऱ्यांचे नाव मात्र कोठे नव्हते. त्यांनी १९९८ मध्ये न्यायालयात धाव घेतली. पुढल्या वर्षी तडजोड झाली आणि मग त्यांचे नाव लागले. संगीतकाराच्या प्रतिभेबद्दल वाद नाही. दोन्ही गीतांत मनाला जे भिडते ते मात्र दुसऱ्याच्या कंठातून आलेले आहे.

१९९४ मध्ये मौजेची गोष्ट घडली. स्पेनमधील सांतो दोमिंगो दे सिलोस या मठातील बेनेडिक्टाइन संन्याशांची काही जुनी मुद्रणे एकत्र करून बाजारात आली. त्यांत ढोल नाही, गिटार नाही, कुजबुजणारी स्त्री नाही, केवळ गायन. ती मुद्रिका अमेरिकेतील विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली आणि लक्षावधी प्रती खपल्या. ठोक्याच्या आधाराने या गायनापर्यंत आलेल्या पुष्कळांना पुढे ठोक्याची गरज वाटली नसावी. त्याचे श्रेय थोडेसे क्रेटूलाही द्यावयास हवे.

यंत्र आणि कंठ यांचा मेळ मुळातच अशक्य आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मराठी माणसाने तरी तसे समजू नये. जाते हेही यंत्रच. दगडावर दगड फिरतो, त्याची घरघर एकसारखी चालते, आणि तिच्यावर ओवी उभी राहते. फरक इतकाच की जाते ओढणारा हात आणि गाणारा कंठ एकाच बाईचा. दम लागला तर जाते मंदावते, शब्द आठवेनासा झाला तर क्षणभर थांबते. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणासाठी हीच ओवी निवडली. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी ख्रिस्तकथा सांगितली. लॅटिन गायनात वाढलेल्या त्या इंग्रज धर्मगुरूला ओवीतील मोकळा श्वास ओळखीचा वाटला असेल, तर आश्चर्य नाही.

सुरतेला आलेल्या खानदेशी बायकांच्या आज्यांनीही जात्यावर ओव्या गायिल्या होत्या. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ओवीही त्याच्याबरोबर गेली. या ओव्या पार नाहीशा होण्यापूर्वी पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन महाराष्ट्रात राहिलेले गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगाव जाऊन त्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. उद्या एखाद्या तरुणाला यंत्रमागाच्या खडखडाटावर ओवी बसवावी असे वाटले, तर सामग्री तयार आहे. त्याने ती जरूर घ्यावी. पण तीन हजारांहून अधिक बायकांची नावे आणि त्यांची गावे त्या संग्रहात लिहिलेली आहेत, ती आधी वाचावीत.