जे, यू, डी: आजीच्या देवघरातला माणूस कोण?

इअरफोन नीट लावा, आज आमच्या घरातलं भांडण सांगणार आहे.

1972 च्या दुष्काळात माझे आजी-आजोबा बीड जिल्ह्यातलं गाव सोडून मुंबईला गेले. तिथं आजोबा फार आजारी पडले. शेजारी वसईकडची एक ख्रिस्ती मावशी राहायची. तिनं आजीला एक फोटो दिला. म्हणाली, ‘सगळे उपाय संपले ना, की ह्याला सांगायचं.’ आजोबा बरे झाले. फोटो आजीबरोबर गावी आला आणि देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी बसला. आजी गेली, तरी कुणी हलवला नाही.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत काकांनी तो खाली काढला. खालच्या इंग्रजी नावाला दोन्ही बाजूंनी वाळवी लागलेली. मधली तीनच अक्षरं शिल्लक: जे, यू, डी. काकांनी मोबाईलवर शोधलं आणि ओरडले, “ज्यूडास! आरं, हा तर येशूला धरून देणारा! तीस नाण्यांसाठी! असला गद्दार आपल्या देवघरात?”

बाबा एवढंच म्हणाले, “आईनं पन्नास वर्षं ह्याला फूल वाहिलंय.” पण फोटो नदीत सोडायचं जवळजवळ ठरलंच.

मी म्हटलं, थांबा. नाव राहू द्या, हात बघा.

आता हे आपल्याला नवीन नाही. बीडच्या कंकालेश्वराला गेल्यावर आपण मूर्तीखाली पाटी शोधतो का? त्रिशूळ-डमरू दिसला की महादेव, शंख-चक्र दिसलं की विष्णू. कमरेवर हात म्हटलं की लहान पोरगंसुद्धा विठ्ठल सांगतं. युरोपातही एके काळी बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून चर्चमधल्या चित्रांत हीच रीत. पेत्राच्या हातात किल्ल्या. आंद्रियाजवळ फुलीच्या आकाराचा क्रूस. थोमाकडे भाला, नाहीतर सुताराचा गुण्या. बर्थलमयाच्या हातात सुरी, कारण त्याची जिवंतपणी कातडी सोलली असं परंपरा सांगते. (हे ऐकून आमची आई उठूनच गेली.)

मग ज्यूडास, म्हणजे यहूदा इस्कर्योत, कसा ओळखायचा? पैशाच्या थैलीवरून. लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’त त्यानं ती मुठीत धरलीय. पण नुसत्या थैलीवर जाऊ नका हं. मत्तय आधी जकातदार होता, त्यामुळे त्याच्याकडेही थैली असते. बऱ्याच जुन्या चित्रांत इस्कर्योताच्या डोक्यामागे तेजोवलय नसतं, तेही बघायचं.

आजीच्या फोटोत थैली नव्हतीच. अंगात हिरवा झगा, डोक्यामागे वलय, डोक्यावर छोटी ज्योत, एका हातात सोटा आणि छातीवर पदक. पदकावर येशूचा चेहरा. काकांना म्हटलं, जो येशूला विकतो, तो त्याचा चेहरा छातीवर मिरवेल का?

हा दुसरा यहूदा. संत ज्यूड, म्हणजेच यहूदा तद्दय. बारा प्रेषितांत एकाच नावाचे दोघं होते! योहानाच्या शुभवर्तमानात 14 व्या अध्यायात तो बोलतो, तेव्हा हा इस्कर्योत नव्हे, असा खुलासा तिथंच करावा लागलाय. ज्योत पेन्टेकॉस्टची, पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाची. सोटा त्याच्या हौतात्म्याचा. पदकामागे एदेसाच्या अबगार राजाची दंतकथा आहे. राजा आजारी होता, त्याच्याकडे येशूचा चेहरा उमटलेलं कापड पोचलं आणि तो बरा झाला. ते एदेसा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं शानलीउर्फा.

सांगतात की नावाच्या घोळामुळे लोक ह्याची प्रार्थना करायला कचरायचे, म्हणून तो हताश माणसांचा शेवटचा आधार झाला. त्याचा सण 28 ऑक्टोबरला. झाशीला त्याचं मोठं तीर्थस्थान आहे, दरवर्षी गर्दी होते. मावशीनं आजीला नेमकं ह्याचंच चित्र का दिलं, ते मला त्या दिवशी कळलं.

काका गप्प झाले. मग म्हणाले, “काच बदलून आणतो.”

गोव्याला गेलात तर जुन्या गोव्यातल्या सेंट कॅजेटन चर्चसमोर जरा थांबा. दर्शनी भिंतीवर पेत्र, पौल, मत्तय आणि योहान आहेत. आधी गाईडला विचारू नका. पौलाची खूण तलवार, बाकी तुम्ही शोधा.

फ्रेमवाल्यानं विचारलं, वाळवीची पट्टी कापून टाकू का? काका म्हणाले, असू द्या. फोटो परत खंडोबाशेजारी आहे.